जिरावणाचं एक पाकीट

सकाळी अकराला मिलिंदचा फोन यायचा होता. बरोबर अकराला स्क्रीनवर त्याचं नाव आलं आणि मी हॅलोही न म्हणता विचारलं, "करायचं ना सुरू?" पलीकडे त्याची बायको सुषमा होती. "ताई, मिलिंद गेले..." सकाळचा चहा घेता घेता, खुर्चीतच. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

खरं सांगते, आधी रडू आलं नाही. भीती वाटली. मिलिंद माझा मावसभाऊ. आमचं पापड-मसाल्यांचं ऑनलाइन दुकान त्यानेच उभं केलं होतं. वेबसाइट ज्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, चालायची ती फार जुनी झाली, म्हणून चार महिने तो एकेक पान नव्या लायब्ररीवर नेत होता. त्या सकाळी सुरू करायचं उरलं होतं ते शेवटचं पान, जिथे गिऱ्हाईक पत्ता भरून ऑर्डर पक्की करतं. तेच बिघडलं तर ऐन दिवाळीच्या तोंडावर दुकान बंद, आणि सांवेर रोडच्या गोदामात पापड लाटणाऱ्या अठरा बायका घरी.

घाबरट तर तोही होता. नवं पान चालू केलं तरी जुनं मागे जिवंत ठेवायचा. "ताई, भीती वाटली की हे बटण दाब. जुनं पान हजर." मग माझ्याकडून एक खरी ऑर्डर द्यायला लावायचा. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याचं एक पाकीट, त्याच्या घरच्या पत्त्यावर. मी वैतागायचे, "अरे भिया, खोट्या नावाने कर ना!" तो म्हणायचा, "खोट्या ऑर्डरीची भीतीही खोटीच असते. पाकीट घरी येईपर्यंत मी काही मानत नाही." तेराव्याला सुषमाने स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. आत पाकिटांची चळत. "आयुष्यभर पोह्यांवर घातलं तरी संपणार नाही. ही बघा तुमची वेबसाइट."

त्याचं काम पुढे नेहा नावाच्या नव्या मुलीने हाती घेतलं. तिने दोन दिवसांत सगळं तपासलं. "मॅडम, सब तैयार है. नुसतं चालू करायचंय." मी तीन आठवडे टाळलं. कधी शनिवार म्हणून, कधी अमावस्या म्हणून. अमावस्या मी जन्मात पाळलेली नाही. पण काही उलटंसुलटं झालं तर फोन कुणाला करायचा, हा विचार आला की पुन्हा उद्यावर ढकलायचे...

शेवटी गेल्या सोमवारी, भर दुपारी, गोदामात बसून चालू केलं. ऑर्डर द्यायला बसले. जिरावण, एक. नावाचं पहिलं अक्षर टाकलं आणि मिलिंदचं नाव, घर नंबर, गल्ली, सगळं आपोआप भरलं गेलं. माझा पत्ता घालता आला असता. मी बटण दाबलं. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं... फिरतच राहिलं. मग पॅकिंगच्या टेबलावरून पावती निघाल्याचा आवाज आला.

पॅकिंग करणाऱ्या शोभाताईंनी ती उचलली, नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ही... रद्द करू?"

"नाही. पाठवा."

दुसऱ्या दिवशी सुषमाचा फोन. "ताई, पाकीट आलं."

"बरं," म्हटलं.

ऑर्डरी नीट येताहेत. नेहा रोज विचारते, "मॅडम, जुनं पान हटवू ना आता? त्याचं काही काम नाही." ते मलाही कळतं. तरी मी सांगते, राहू दे थोडे दिवस. भीती गेली की सांगेन.