पणजोबांचा दरारा

माझे पणजोबा साहेबाच्या राज्यात पेठकडच्या डोंगरात जंगलखात्याचे गार्ड होते. मेलेल्या माणसाला बढती मिळत नाही म्हणतात, पण आमच्या पणजोबांना मिळत गेली. मी शाळेत होते तेव्हा ते नुसते 'सरकारी नोकरीत' होते. माझ्या लग्नापर्यंत 'आतून देशभक्त' झाले. म्हणजे पगार साहेबाचा, पण मन देशाकडे. पुढे सटाण्याच्या काकांनी त्यांच्या हातून एका गोऱ्या साहेबाच्या थोबाडीतही मारवली. आणखी दहा वर्षं मिळाली असती तर आम्ही त्यांना फासावर चढवूनच थांबलो असतो.

त्यांच्या पट्ट्याचा पितळी बिल्ला आमच्या घरात होता. दसऱ्याला आमच्याकडेच राहणारे माझे वडील, म्हणजे अण्णा, तो चिंचेनं घासून लख्ख करत. मग स्कूटर, मिक्सर आणि माझ्या लेकीचा लॅपटॉप यांच्या रांगेत ठेवून त्याला हळदकुंकू वाहत. "शस्त्रच आहे ते," म्हणत. ते कोणावर चाललं, हे विचारायचं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. मीही वाकून नमस्कार करायचे. खोटं कशाला बोलू, अभिमानच वाटायचा.

मग लेकीनं स्वतःचं लग्न जमवलं. मुलगा तिच्याच बँकेतला, पेठकडच्या आदिवासी घरातला, अगदी गुणी. अण्णांनी आठ दिवस तोंड फुगवून पाहिलं, पण लेक त्यांच्यावर गेलेली, ती कसली ऐकते! मुलाच्या घरात शेवटचा शब्द त्याच्या आजोबांचा. ते बैठकीला नाशकात आमच्याकडे आले. ते नाही म्हणाले, तर मुलगा त्यांचा शब्द मोडणार नव्हता, आणि माझी पोर दुसरीकडे उभी राहणार नव्हती.

चहा झाला. गावाचं नाव कानावर पडलं मात्र, अण्णा असे खुलले म्हणता!

"अहो, मग तर जुनी ओळख निघाली! तुमच्या त्या भागात आमच्या आजोबांचा काय दरारा होता!" असं म्हणून त्यांनी आजोबांचं नाव सांगितलं, आणि मी डोळे वटारेपर्यंत बिल्ला पाहुण्यांच्या हातात दिलासुद्धा.

म्हाताऱ्यांनी तो उलटापालटा करून पाहिला. "हे नाव आमच्या गावात अजून घेत्यात," ते म्हणाले.

"काय सांगता!" अण्णा ताठ बसले.

"पोरं झोपत नसली की घेत्यात."

म्हातारे सावकाश बोलत राहिले, आवाज जराही न चढवता. "माझ्या बापानं नांगरासाठी एक फांदी तोडली व्हती. तुमच्या आजोबानं त्याला झाडाला बांधून दिसभर मारला. घरातल्या कोंबड्या व्हत्या, त्याबी नेल्या."

अण्णांचा चेहरा उतरला. "त्या काळी वरूनच तसा हुकूम असायचा हो," ते पुटपुटले.

"हुकूम फांदीचा व्हता. कोंबड्यांचा नव्हता."

पणजोबांनी नेमकी कोणाच्या थोबाडीत मारली, ते मला त्या दिवशी कळलं. मेलं, जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी सरळ हात जोडले. "आजोबा, यात माझ्या पोरीचा काय हो दोष?"

त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती रडत होती. "पोरीचा काय दोष? लगीन करू," ते म्हणाले, आणि बिल्ला बशीशेजारी ठेवून दिला. अण्णा आत निघून गेले.

निघताना दारात म्हाताऱ्यांनी मला जरा बाजूला बोलावलं. "एक सांगतो, बाई. ते नाव मी आमच्या गावात काढणार नाय. लोकं इसरली नाय अजून. उगा पोरीला कोणी बोलाय नको."

ज्यांच्या बापाला आम्ही बांधून मारलं, तेच आमची अब्रू झाकायला निघाले होते. मी म्हणायला हवं होतं की सांगा, खुशाल सांगा, आम्ही स्वतः गावात येऊन माफी मागतो. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी सुचलं. तेव्हा मात्र त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी मी म्हणाले, "उपकार होतील, आजोबा. नकाच सांगू."