दुर्पताबाईचा अंगठा

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमत नव्हतं, आणि आता विळा धरून धरून बोटं आखडली आहेत, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं येतं. ही वही कोणाच्या हाती लागली तर त्यानं सांभाळून घ्यावं. बोलायला मी पहिल्यापासून कच्ची. दुर्पताबाई गेली त्याला महिना होत आला. घरात तिच्याबद्दल सगळे बोलतात, मीच तेवढी गप्प असते. म्हणून लिहिते आहे.

दुर्पताबाई म्हणजे माझी मोठी जाऊ. तोंडावर मी तिला ‘तुमी’ म्हणायची, मनात मात्र ‘तू’च म्हणायची, म्हणून इथेही तशीच लिहिते. ती गेली त्या सकाळी मी धानाच्या बांधीत निंदत होते. तिला पेज भरवून, अंग पुसून मी निघाले होते. धानात गुडघाभर पाणी होतं. शेजारची वनिता शेताच्या कडेच्या धुऱ्यावर येऊन उभी राहिली आणि नुसतं म्हणाली, “घरी चाल वो.” मी कारण विचारलं नाही. पायाचा चिखल धुवायला पाटाशी थांबले आणि थांबल्यावर आठवलं, की बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्याशिवाय उठू नको असं सांगणारी आता घरी नाही... तरी मी पदरानं बेचक्या पुसल्या. वनिता ओरडली, “आता काय पुसून राहिली वो पाय!” पण मला दुसरं काही सुचलं नाही.

आमच्या गावातून दर दसऱ्याला वीस-पंचवीस माणसं पायी नागपूरला जातात, दीक्षाभूमीवर. लाखांदूरवरून पवनीचा पूल ओलांडायचा, मग भिवापूर, उमरेड. पाच दिवस लागतात. एसटी आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण सासरे चालत जायचे, त्यांच्यानंतर माझे भासरे, म्हणजे दुर्पताबाईचे मालक, निळा झेंडा घेऊन पुढे चालू लागले, आणि बाई सगळ्यांच्या मागे. मागे का, तर तिला प्रत्येकाच्या टाचा दिसाव्या म्हणून. कोण पाय तिरका टाकतो, कोणाची चप्पल घासते, कोण टाच उचलून चालतो, हे ती मागून पाहायची आणि हाक द्यायची, “थांबा जी समोरचे! पाय आला!” पाय आला म्हणजे कोणाचा तरी पाय बिघडला. अशी हाक आली की झेंड्यासकट सगळ्यांनी बसायचं, एकट्याला मागे ठेवून जायचं नाही, हा तिचा कायदा होता. भासऱ्यांनीही तो कधी मोडला नाही.

पण तिचं खरं काम आठ दिवस आधी सुरू व्हायचं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करून बायांच्या पायांना चिखल्या झालेल्या असायच्या, नखं मऊ पडून पिवळी झालेली. असे पाय घेऊन डांबरी रस्त्यावर निघालं तर दुसऱ्याच दिवशी माणूस बसतो. म्हणून बाई सगळ्यांना आमच्या अंगणात बोलवायची. घमेल्यात कोमट पाणी, मूठभर मीठ. पाय भिजले की नखं कापायची, ती सरळ. कोपरे गोल करू द्यायची नाही, कोपरा आत कापला की नख मांसात शिरतं. आणि हे निघायच्या आदल्या दिवशी नाही, आठ दिवस आधी, म्हणजे कापलेली धार बोथट होते. मग करंजाचं तेल. नवी चप्पल कोणी दाखवली की ती उचलून स्वतःच्या पिशवीत टाकायची. “नागपूरले घालजो, फोटो काढाले. रस्त्यानं जुनीच चालन.” एकदा गावचे गुरुजी पाय दाखवायला लाजले, तर म्हणाली, “तोंड काय दाखवून राहिले गुरुजी, तोंडानं चालणार हाव का?” अंगणभर हशा झाला, गुरुजींनी मुकाट्यानं मोजे काढले.

मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा गेले. माझं अंगठ्याचं नख आत गेलेलं होतं, मी ते सांगितलंच नाही. अंगणात एवढ्या माणसांपुढे पाय उघडा करायची लाज वाटली. पवनीच्या अलीकडे कच्च्या वाटेनं जाताना मागून हाक आली, “पाय आला!” मी चपापून कोणाचा म्हणून पाहू लागले, तर बाई माझ्याकडेच येत होती. “तुह्या पायाचा ठसा मातीत अर्धाच पडून राहिला वो. अंगठा कुठं ठेवून आली?” तिनं मला बाभळीच्या सावलीत बसवलं, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मोठ्या जावेच्या मांडीवर माझा पाय... मी रडायला लागले. तिला वाटलं दुखतंय. नखाच्या कोपऱ्याखाली तिनं कापसाची बारीक वात सरकवली, वरून जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. म्हणाली, “लाजत जाऊ नको. पाय बोलत नाई, आपल्यालेच बोला लागते त्याच्याबद्दल.”

हे ती मला म्हणाली होती. मलाच.

आता भासऱ्यांचं सांगते. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे, त्यांच्या अंगावर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. काही सांगायचं असलं तर बाईला सांगायचं, ती त्यांना सांगणार. मुलींच्या पिढीत हे राहिलं नाही, पण मी एकदा गप्प राहिले ती गप्पच राहिले. एका घरात तीस वर्षं राहून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं. माणूस फार चांगला.

गेल्या वर्षीची गोष्ट. बाईला शुगर होऊन चार-पाच वर्षं झाली होती, गोळ्या चालू होत्या. तिनं अंगणात सगळ्यांचे पाय पाहिले. तिचा कोणी पाहिला नाही. तिच्या मागे चालणारंच कोणी नव्हतं, तर पाहणार कोण? भिवापूरला दुपारी आम्ही शाळेच्या आवारात थांबलो. मी पाणी भरायला मागच्या हातपंपावर गेले तर बाई तिथे एकटी बसली होती, पाय धूत. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडून उचललं गेलं होतं, खालून घाण येत होती. वास मला उभ्यानं आला.

“बाई, हे काय वो!”

“हळू बोल. ठेच लागली पवनीले. दुखत नाई काईच.”

“दुखत नाई? एवढं झालं अन्‌ दुखत नाई?”

“नाई दुखत म्हणजे बरं होऊन राहिलं.” ती घाईघाईनं पट्टी गुंडाळू लागली. दुसऱ्या कोणाचा असा पाय असता तर तिनं त्याला तिथूनच एसटीत बसवलं असतं. मी तसं म्हटलंही. तर हात धरून म्हणाली, “दोन दिवसाचा रस्ता उरला. आता मले परत धाडशीन का? त्याइले समजलं त ते झेंडा टाकून माह्यासंग दवाखान्यात येतीन. सांगू नको.” मग स्वतःच हसली. “पण मले भेव नाई. तू त बोलतच नाई त्याइच्यासंग!”

मीही हसले... हे लिहिताना हात थांबतो. पण हसले, हे खरं आहे.

शाळेच्या पुढच्या व्हरांड्यात भासरे झेंड्याची काठी भिंतीला टेकवून बसले होते. मधे पंधरा-वीस पावलं असतील. मी पाण्याची कळशी घेऊन त्यांच्यासमोरून दोनदा गेले. दुसऱ्या कोणाजवळ सांगावं, तर बाईनं हात धरला होता, आणि चारचौघांत तिचं बिंग फोडल्यासारखं झालं असतं. ‘पाय आला’ एवढे दोन शब्द मोठ्यानं म्हणायचे होते. त्यात त्यांच्याशी बोलणंसुद्धा नव्हतं. ते दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. आम्ही उठलो आणि चालू लागलो. त्या दिवसापासून मी बाईच्या मागे चालले. तिची पट्टी भिजलेली दिसत होती.

नागपूरला ती पांढरं लुगडं नेसून त्या गर्दीत उभी राहिली, चेहरा नुसता उजळला होता. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी ताप भरला. आधी अंगठा काढला, दिवाळीत गुडघ्याखालून पाय. डॉक्टर दाराशी भासऱ्यांना म्हणाले, “चार दिवस आधी आणलं असतं तर अंगठ्यावरच भागलं असतं.” मी आत बाईच्या उशाशी होते, सगळं ऐकू आलं.

वर्षभर मी तिचं केलं. तिच्या उरलेल्या पायाची नखं मी कापायची, सरळ, तिनं शिकवली तशी. ती चेष्टा करायची, “अर्धंच काम उरलं तुले, पाचच नखं.” भिवापूरचं नाव तिनं कधी काढलं नाही, मीही नाही. मग हळूहळू तिनं जेवण सोडलं, मूत्रपिंडं गेली म्हणाले...

ती गेल्यापासून भासरे ओसरीवर बसून राहायचे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायचे, “इतके साल तिच्या समोर चाललो, मांगं वयून नाई पाहिलं. मीच मारलं तिले.” ताट तसंच परत यायचं. भिंतीआडून मी रोज ते ऐकायची. कोणालाच दिसलं नाही, असं सगळे त्यांना समजावत होते. मला दिसलं होतं.

परवा निघायच्या आठ दिवस आधीचा, पाय पाहायचा तो दिवस आला. कोणी बोलावलं नव्हतं, तरी दुपारी माणसं अंगणात येऊन बसली. घमेलं कोणी मांडलं नव्हतं. सगळे नुसते बसून होते, आपापल्या पायांकडे पाहत. वनिता म्हणाली, “आता कोण पाहीन वो?” मी चुलीवर पाणी ठेवलं. मीठ टाकलं. आधी वनिताचे पाय घेतले, मग बायांचे, मग गुरुजींचे. नखं सरळ कापली. शेवटी अंगणात एकाच माणसाचे पाय राहिले. भासरे ओसरीच्या कडेला बसले होते, यंदा जाणार नाही म्हणत होते. त्यांची नखं लांब वाढून वळली होती. ती बाईच कापायची.

मी घमेलं उचलून त्यांच्यासमोर ठेवलं आणि पदर होता तसा ठेवून म्हणाले, “पाय दाखवा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उजवा पाय पाण्यात ठेवला. मी तो हातात धरला. मान खाली घालून, फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं, “मले दिसला होता बाईचा अंगठा. भिवापूरले. मी सांगतलं नाई. तुमची चुकी नाई, माही आहे.”

पाणी निवत चाललं होतं. मग ते म्हणाले, “मले काहून नाई सांगतलं?”

“तुमाले काय म्हणून हाक मारू, तेच नाई समजलं.”

मी त्यांची पाच नखं कापली, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, तेल लावलं आणि पाय खाली ठेवला. आता ते उठून जातील असं वाटलं, म्हणून मी घमेलं ओढून घेऊ लागले. तेव्हा त्यांनी दुसरा पाय पुढे केला.