मामाजींनी उजेड धरला

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी नागपूरच्या एका कॉलेजात नुकताच शिकवायला लागलो होतो. परदेशातून चार वादक आमच्या सभागृहात येणार होते. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून प्राचार्यांनी आम्हा नव्या मंडळींच्या हातात दोन-दोन पास कोंबले. त्याच दिवशी माझे मामा धंतोलीतल्या डॉक्टरांना डोळे दाखवायला आले होते. रामटेकजवळच्या गावात ते शेती करत आणि भजनात मृदंग वाजवत.

"घरी एकटा बसून काय करू गा? मी बी येतो," ते म्हणाले.

मंचावर दोन व्हायोलिनं, तिसरं जरा थोराड, आणि चौथं एवढं मोठं की ते वाजवणारी बाई त्याला गुडघ्यांत धरून बसली होती. पहिली रचना जुन्या काळची होती. गोड होती, माना डोलल्या. दुसरी मात्र त्या वेळच्या एका नव्या संगीतकाराची. तारा खरवडल्यासारख्या वाजत, मध्येच टिचक्या, मध्येच नुसती शांतता. संपलं समजून आम्ही टाळ्या वाजवायचो आणि ते पुढे सुरू करायचे.

मामा माझ्या कानाशी वाकले. "अजून वाद्यं लावूनच राहिले काय गा?"

"नाही मामाजी. हेच गाणं आहे."

"असं होय," म्हणून ते सावरून बसले.

तेवढ्यात वीज गेली. कागद वाचून वाजवणारी माणसं ती, थांबली. आयोजक मेणबत्त्या शोधायला धावले. मामांनी पिशवीतून तीन सेलची बॅटरी काढली आणि मी अडवायच्या आत ते मंचावर पोहोचले. त्या बाईच्या मागे उभं राहून त्यांनी तिच्या कागदावर उजेड पाडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती हसली, मान हलवली. ते पाहून प्रेक्षकांतून आणखी तिघं बॅटऱ्या घेऊन उठले, आणि चौघा वादकांनी ती रचना पहिल्यापासून सुरू केली.

पंखे बंद होते, कोणी खोकतही नव्हतं. मघाशी खरवड वाटलेला तो आवाज आता मला बारीक, जपून बोलल्यासारखा वाटला. आवडलं म्हणणार नाही, पण या वेळी मी ऐकलं.

संपल्यावर त्या बाईने मामांचा हात हातात घेतला. त्यांच्यासोबत आलेल्या दुभाष्याने विचारलं, "बाबा, कसं वाटलं?"

"मले सूर नाही समजले," मामा म्हणाले. "पण ही बाई थांबते तवा पायाच्या अंगठ्यानं मात्रा मोजते. आमी बी तसंच करतो. गडबड नाही केली तिनं, एकदा बी नाही."

दुभाष्याने सांगताच ती खळखळून हसली, आणि चपलेतला पाय पुढे करून तिने अंगठा हलवून दाखवला.

सकाळी मी मामांना रामटेकच्या एसटीत बसवून दिलं, तेव्हा शेजारच्या माणसाने त्यांना विचारलं, काहून आले होते नागपूरले? "डोळे दाखवाले," मामा म्हणाले, आणि गाडी हलेपर्यंत त्याला त्या बाईबद्दलच सांगत राहिले.