पंजाएवढ्या पापलेटची गाबोळी

धाकटी डहाणूत मासळी विकणाऱ्या देवकीच्या तोंडाला सहसा कुणी लागत नसे. पाटीत बारकी पापलेटं घेऊन बसलेली बाई दिसली की ती तिला फैलावरच घ्यायची. "लाज नाही वाटत? पोरं आहेत ती. वाढू तरी द्या!"

त्या सकाळी तिचाच लेक जिग्नेश होडीतून तसलीच पापलेटं घेऊन आला. एकेक जेमतेम पंजाएवढं. देवकीचा पारा चढला.

"परत सोडायची होतीस! वर्षभरात ताटाएवढी झाली असती."

"आई, हल्ली एवढीच येतात जाळ्यात."

"मला शिकवतोस? हे बघ, अजून पोटात काहीसुद्धा नसेल याच्या," म्हणत तिने एक उचललं आणि विळीवर चिरलं.

आतून गच्च भरलेली गाबोळी बाहेर आली. देवकीने दुसरं चिरलं, मग तिसरं. सगळ्यांच्या पोटात अंडी. तिच्या जन्मात तिने गाबोळी पाहिली होती ती दोन्ही हातांत न मावणाऱ्या पापलेटांत.

ती विळी सोडून मागे सरकली. शेजारच्या बाईने घाबरून विचारलं, "काय झालं गं?"

"पोरं नाहीत गं ही," देवकी कशीबशी म्हणाली. "आया आहेत. ज्यांच्या वाढायची मी वाट बघतेय, त्यांचं वाढून झालंय."