खांद्यावरचं फडकं

कोणतंही मूल हातात दिलं की मावशी आधी त्याच्या मानेत नाक खुपसायची. भरपूर वास घ्यायची आणि म्हणायची, "आता वळख झाली."

तुमच्याही इमारतीत मासेवाली येत असेल, तेव्हा रूप वेगळं सांगायला नको. आमची ही मावशी वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातली. डोक्यावर पाटी, खांद्यावर चौकड्यांचं फडकं. त्यालाच हात पुसायचे, त्यानंच माशा हाकलायच्या. मी शाळेतली बाई, स्वच्छतेचं वेड असलेली. "मावशी, ते फडकं जरा धुवा हो," असं वीस वर्षं म्हणत आले. दारात, जिन्यात, तिच्या सुनेसमोरसुद्धा.

"धुतलंय की," ती म्हणायची. "वास माझा हाय, फडक्याचा नाय."

तिचा धाकटा मुलगा कॅनडात. त्याच्याकडे ती दर वर्षी जायची आणि जाताना कुणाचं तरी मूल पोचवायची. आईबाप तिकडे नोकरीला, मूल इथे वसईत आजीआजोबांकडे, आणि दोन वर्षांचं झालं की त्याला परत न्यायचं, असं आमच्याकडे बऱ्याच घरांत चालतं. आईबापांचं संमतीपत्र पिशवीत घालून मावशी निघायची. विमानात पोराला कडेवर घेऊन फेऱ्या मारायची, मासळीची नावं गात: बोंबील, मांदेली, करली, घोळ. शेजारचे नाकाला रुमाल लावायचे. पोरं झोपायची.

"रडनाऱ्या पोराला मी भीत नाय," ती सांगायची. "गप्प पोराला भिते."

एकदा एक मुलगी सगळा प्रवास उघड्या डोळ्यांनी गप्प बसली होती. उतरल्यावर आईनं उचललं, तर लाकडासारखी ताठ. पुढे वर्षभर ती बोलली नाही म्हणे. तेव्हापासून मावशीचा नियम होता. ज्यानं मूल वाढवलं त्याचं कापड सोबत हवं, तीन दिवस अंगावर वापरलेलं आणि न धुतलेलं.

मग माझ्याकडे वाढलेल्या नातीची, लेकीच्या मुलीची, पाळी आली. मला व्हिसा नाकारला होता. मी तीन दिवस एकच साडी नेसले. चौथ्या दिवशी मला लाज वाटली. जावयाच्या घरी असली घामट साडी पाठवायची? धुतली, इस्त्री केली, पिशवीत घातली आणि मावशीला काही बोलले नाही. मूर्खपणा सगळा माझा.

पोचल्यावर मावशीचा फोन आला. हॅलोसुद्धा नाही.

"बाई, साडी धुतली तुम्ही."

मी एवढंच विचारलं, "पोर कशी आहे?"

"हुंगली न् टाकून दिली. मंग गप. पानी नाय, दूध नाय. डोळं उघडं. मला तीच पोरगी आठवली, बाई. रोजरीची माळ घेऊन बसले."

"मग?"

"मंग माझं फडकं दिलं. तोंडावर घेतलं न् झोपली. उतरल्यावर आईकडं देताना रडली. लय रडली." हे तिनं पेढे वाटावेत तसं सांगितलं.

फडकं तिकडेच राहिलं. परत आल्यावर मावशीच्या खांद्यावर नवं आलं. ते धुवा म्हणायची माझी छाती झाली नाही.

गेल्या महिन्यात ती गेली. सकाळी मासळीच्या लिलावात, बसल्या जागी. मी लेकीला कळवलं नाही. धीरच झाला नाही.

चार दिवसांनी लेकीचाच फोन आला. "आई, त्या फडक्याचा वास गेला गं. ही सारखी हुंगते, आणि परवापासून एक शब्द बोललेली नाही. मावशीला सांग ना, दुसरं पाठव. न धुतलेलं."

मी तशीच पाचूबंदरला गेले. सून दारातच होती, हात साबणाने भरलेले. मी फडकं मागितलं.

"घ्या की, बाई," ती म्हणाली. "आजच त्यांचं सगळं धुवून काढलं. तुम्ही नेहमी सांगायच्या ना."

वाळत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी दोरीवर मावशीचे कपडे होते. मी फडकं ओढून नाकाशी धरलं. साबणाचा वास आला.