आनंदाचं मानपान

आमच्या घरात आनंद व्हायला कुणाचीच हरकत नव्हती. भांडण झालं ते कुणाला किती व्हावा, यावरून.

माझ्या धाकट्या बहिणीचं, प्रणालीचं, लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगा वैशाखरे गावचा, नाव निखिल. दोघं एकमेकांना पसंत होती. अडलं होतं एकाच ठिकाणी. निखिलची मोठी बहीण, वैशालीताई, परदेशात असते आणि तिच्या होकाराशिवाय त्या घरात खिडकीचा पडदासुद्धा बदलत नाहीत. तिचा नवरा पीटर, गोरापान साहेब. त्याने निरोप धाडला की, रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलीच्या घरच्यांना भेटतो, प्रत्येकाशी दोन शब्द बोलतो. मग ताई हो म्हणणार!

मी शहापूरला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. त्यामुळे किन्हवलीजवळच्या आमच्या गावात इंग्रजीतलं काहीही निघालं (औषधाच्या बाटलीपासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत) की माझ्याकडे येतं. मी छाती फुगवून जाहीर केलं, "घाबरू नका. मी प्रत्येकाला आनंदाचा एकेक शब्द देतो. तेवढाच बोलायचा."

इथेच माशी शिंकली.

"आप्पा, तुम्ही म्हणायचं, आय ॲम ग्लॅड," मी थोरल्या काकांना सांगितलं.

"केवढा हाय तो?"

"केवढा म्हणजे?"

"म्हंजे आनंद केवढा? आन् तुज्या मामाला कुठला दिलास?"

"मामाला डिलाइटेड."

"दोघांत मोठा कुठला?"

मी खरं सांगितलं. शिक्षकी पेशा नडतो तो असा!

"मंग मी घरातला थोरला आसून मला बारका, आन् पाव्हण्याला मोठा?" आप्पा सतरंजीवरून उठलेच.

"पाव्हणा?" मामा कडाडला. "पोरीला मांडवात आणतो कोण? मामा! मामाचा मान पयला!"

लग्नात टोपी-टॉवेलवरून रुसवेफुगवे होतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय. इंग्रजी शब्दांवरून होतील, हे कुणाच्या स्वप्नात होतं? शेवटी आप्पांना 'ओव्हरजॉय्ड' दिला. लगेच मामाने आपल्या 'डिलाइटेड'च्या आधी 'एक्स्ट्रीमली' जोडून घेतलं. तेवढ्यात आत्याने चुलीपुढून तोंड उघडलं, "माज्या सख्ख्या भावाच्या घरात माजाच मान नाय! मला हॅपी? हॅपी तर बिस्कुटाच्या पुड्यावर पण आसतो!" तिला 'ब्लिसफुल' देऊन शांत केलं. आईने "मला काय बी चालंल" म्हणत 'व्हेरी हॅपी' घेतला. राहिले बाबा. मुलीच्या बापाने फार खूश दिसू नये, नाहीतर पोर घरात जड झाली होती असं वाटतं, असं आप्पांचं मत पडलं. म्हणून बाबांना 'सॅटिसफाइड'!

रविवारी दुपारी आम्ही सगळे घरामागच्या खळ्यात जमलो. आमच्याकडे रेंज फक्त तिथेच मिळते. पेंढ्याच्या भाऱ्यावर फोन उभा केला. पीटर हसतमुख माणूस होता बिचारा.

आप्पा उभे राहिले. हात जोडले, चेहरा शपथ घेतल्यासारखा. "आय ॲम ओव्हरजॉय्ड."

मामा उठला. "आय ॲम एक्स्ट्रीमली डिलाइटेड," आणि जोशात पुढे म्हणाला, "अँड ओव्हरजॉय्ड!"

"माजा शब्द घेतला!" आप्पा पुन्हा उठले आणि मामाकडे बोट रोखून फोनवर ओरडले, "आय ॲम मोर!"

बाबा म्हैस विकून आलेल्या माणसासारखे मान हलवत म्हणाले, "सॅटिसफाइड." आई 'व्हेरी हॅपी' म्हणाली, पण तिचा डोळा आप्पा आणि मामाच्या हातांवर होता (मारामारी होते की काय!). आणि आत्याला, पोर आता सासरी जाणार, या विचाराने नेमका तेव्हाच हुंदका फुटला. ती पदरात तोंड घालून रडत रडत म्हणाली, "आय ॲम ब्लिसफुल."

पीटरचं हसू गेलं होतं. त्याने हळूच विचारलं, "अँड प्रणाली? आर यू हॅपी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रणालीचा शब्द कुठला?

शब्द नव्हताच! साऱ्या खानदानाला आनंद वाटला आणि जिचं लग्न, तीच कोरडी! प्रणाली बी.कॉम. झालेली, इंग्रजी फाडफाड बोलते. पण थोरल्यांसमोर मुलीने मान वर करायची नाही, असं आत्याने आदल्या दिवसापासून बजावलेलं. ती मुकाट्याने जमिनीकडे बघत राहिली. मी घाईघाईने पुढे घुसलो, "शी इज ऑल्सो हॅपी!"

"आय आस्क्ड हर," पीटर म्हणाला. मग शेजारी बसलेल्या वैशालीताईच्या कानात काहीतरी कुजबुजला आणि फोन बंद झाला.

थोड्या वेळाने निखिलचा फोन आला. रडकुंडीला आलेला आवाज. "दादा, पीटर म्हणतोय मुलीवर जबरदस्ती चाललीय. ताई म्हणते, आता काय ठरवू नका."

आम्ही सगळे चक्रावलो. एवढा आनंद दाखवला, तरी कमी कुठे पडला? मामा म्हणाला, आप्पांमुळे. आप्पा म्हणाले, मामामुळे. आई नुसती माझ्याकडे बघत बसली. बहिणीचं ठरत आलेलं लग्न मी माझ्या हाताने मोडलं होतं.

प्रणालीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि पेंढ्यापलीकडे निघाली. "कोणी मागं येऊ नका."

आम्ही अर्थातच गेलो. पेंढ्याआडून आठ डोकी वाकून बघत होती (शेजारचे दोघे धरून). ती ताईला व्हिडिओ कॉल लावून, मान वर करून बोलत होती. मग हसली, अशी खळखळून, की असं हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलंच नव्हतं.

परत आली तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"ठरलं. ताई हो बोलली."

"आणि पीटरला? शब्द कुठला वापरलास गो?"

"शब्द कशाला रे दादा? ताईला मराठीत सांगितलं, मला निखिलच पायजे. बोलता बोलता मलाच हसू आलं. त्याला बघूनच कळलं."

मला भरून आलं. मी तोंड धुवायला म्हणून मोरीकडे गेलो. मागे घरात एकच जल्लोष उसळला. आप्पांनी मामाला मिठी मारली, आत्या गाणं म्हणू लागली, बाबा चक्क टाळ्या पिटत होते! मीही धावत आत शिरलो.

सगळे एकदम गप्प झाले.

"मास्तर आला रे," आप्पांनी आवाज खाली आणला. "त्याच्यादेखत कोणी खूश होऊ नका!"

आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न ठरलं त्या दिवशी मला दुकानात पाठवण्यात आलं, साखर आणायला. घरात साखरेचा डबा काठोकाठ भरलेला होता.