आईला शिकवायचा गृहपाठ

अकोल्याहून अमरावतीला येताना एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. पातूरकडच्या खेड्यातल्या शाळेत शिक्षिका होत्या आणि सुट्टीत मुलांना फोनवरून गणित शिकवत होत्या. मीही गणितच शिकवतो. शाळेसाठी मी चाळीस व्हिडिओ केले आहेत. फळा, उजेड, आवाज, सगळं चोख. त्यातला सर्वांत जास्त पाहिलेला अकरा वेळा पाहिला गेला, त्यात दोनदा मीच.

बाईंचा गृहपाठ वेगळा होता. मुलांनी उदाहरण आईला समजावायचं आणि ते बोलणं रेकॉर्ड करून पाठवायचं. बाई प्रत्येक रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकत आणि संपलं की बोटाच्या पेरावर एक मूल मोजत. त्यांनी मला एक ऐकवलं.

"मले नाई समजलं, पुन्हा सांग," आई म्हणत होती.

"काहून नाई समजत वं माय?" पोरगी वैतागली आणि भागाकार पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.

"माह्यं काम फक्त आयकाचं, भाऊ," बाई हसल्या. "शिकवून तं लेकरंच राहिले. तुमी काय करता?"

मला त्यांचा हेवा वाटला.

"बँकेत आहे," मी म्हणालो.

खरं सांगितलं असतं, तर त्यांनी माझ्याही वर्गातल्या मुलांचा आवाज ऐकायला मागितला असता.